टेअर

नंदेसरीच्या आमच्या लॅबमधला काटा
श्वासानंसुद्धा हलतो.
काचेची दारं लावून थांबायचं,
चौथ्या दशांशाचा आकडा बसेस्तोवर.

त्या रात्री तो बसेचना.
तरुबेन म्हणाली, "काटा बरोबर आहे, शुभदा.
टेबलाला तुझा हात लागलाय."

हात कापत होता.
घरी ओजसला एकशे तीन ताप,
सासूबाईंचे पाच मिस्ड कॉल,
नवऱ्याचा एकही नाही.

तिनं मला कोपरानं बाजूला सारलं.
माझे सहा नमुने स्वतःच्या नावावर लिहिले,
सहीही स्वतःचीच केली.
"कंपनीची गाडी छाणीला सोडेल,
तिथे माझा भाऊ स्कूटर घेऊन येतोय. जा."

तिच्या आईच्या डायलिसिसच्या दिवसांत
मी किती पाळ्या केल्या, आठवत नाही.
तिला तर नाहीच.

दारातून वळून पाहिलं:
रिकामी डबी ताटलीवर, बटण दाबलं,
आकडा शून्य.
डबीचं वजन कुठं जात नाही.
फक्त तेवढ्यापुरतं
कुणी ते धरत नाही.

पहाटे पाचला तिचा मेसेज:
सहाही पास.
खाली, वेगळ्या ओळीत:
ताप?