श्री. नोरिप्लाय यांस

हल शहरात, हंबर नदीच्या काठी,
कौन्सिलच्या घरदुरुस्ती विभागात
मी आलेल्या ईमेलींची प्रकरणं करते.
म्हणजे मी नाही, यंत्रणाच करते.
मी तिच्या मागून
सांडलेलं वेचत जाते.

ईमेल आली की तिला नंबर पडतो.
विषयाची ओळ होते प्रकरणाचं नाव,
फोटो जातात जोडपत्रांत,
आणि घड्याळ सुरू होतं: कामाचे दहा दिवस.
लगोलग पोच रवाना. तळाला बारीक टायपात,
कृपया ह्या पत्त्यावर उत्तर देऊ नये.

मायना आणि खालची सही
यंत्रणा आधीच छाटते,
तिच्या लेखी तो गोंगाट.
माझे मामा साताऱ्याच्या रेकॉर्ड रूममध्ये होते.
लाल रुमालाची गाठ सोडायचे, दोनदा शिंकायचे,
आणि नुसत्या मायन्यावरून सांगायचे
अर्जदार रागावलाय की घाबरलाय.

डोरीन ॲपलयार्ड, वय एक्याऐंशी,
विषयाची ओळ रिकामी ठेवतात.
मागच्या खोलीला ओल आलीय
हे येतं चौथ्या परिच्छेदात.
त्याआधी शेजारणीचा गुडघा,
आणि ट्रॉलरवर गेलेला भाऊ
एकदा मासळीऐवजी टाइपरायटर घेऊन आला, ती हकिकत.
यंत्रणेनं त्यातून नेमका गुडघा उचलला.
प्रवर्ग: आधाराचा कठडा बसवणे.
सुतार कठडा घेऊन दारात हजर.
बाईंनी त्याला चहा पाजला
आणि शेजारी पाठवलं.
कठडा तिथे बसला. चांगला बसला म्हणे.
नोंद मात्र कुठेच बसेना.

ओलीचं काम एका शुक्रवारी संपलं.
यंत्रणेनं कळवलं, आपले प्रकरण बंद करण्यात आले आहे.
बाईंनी लिहिलं,
"प्रिय श्री. नोरिप्लाय,
आभारी आहे. तुम्ही नेहमी लगेच लिहिता.
हल्ली कोण लिहितं?"

आभाराचं नवं प्रकरण झालं.
त्याची पोच गेली.
पोचेबद्दल आभार आले.
त्यांचं प्रकरण झालं. पोच गेली.
दोघंही रीतीला पक्के.
निघतो निघतो म्हणत
उंबऱ्यात चपला घालून तासभर उभे राहावेत पाहुणे,
तसा शनिवार गेला, रविवारही.

सोमवारी माझ्या पडद्यावर एकेचाळीस उघडी प्रकरणं,
एकाच घराची.
तेहेतिसाव्यात, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी,
"तुम्हीही जागे दिसता.
रॉय गेल्यापासून मला तीननंतर झोप नाही.
तुमच्या घरी कोण कोण असतं?"
उत्तरात पोच गेली होती.
कामाचे दहा दिवस.

प्रकरण बंद करताना कारण निवडावं लागतं.
दुबार नोंद. चुकीचा विभाग. काम पूर्ण.
मी चाळीस वेळा दुबार नोंद निवडलं.
तेहेतिसावं मागे राहिलं.

मग माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून लिहायला बसले.
श्री. नोरिप्लाय म्हणून इथे कुणी
एवढं लिहून खोडलं.
परत लिहिलं, परत खोडलं.
पलीकडच्या टेबलावरून ग्रॅहम म्हणाला,
अगं, एका ओळीचं तर काम.
शेवटी लिहिलं,
ते आता ह्या विभागात नसतात.
यापुढे काही लागलं तर मला लिहा. शर्वरी.

तासाभरात उत्तर. पण माझ्याकडे नाही,
जुन्याच पत्त्यावर.
"प्रिय श्री. नोरिप्लाय,
तुमची बदली झाल्याचं आताच कळलं.
जाताना सांगितलंत नाही, पण रागावले नाहीये.
नवी मुलगी बरी वाटते.
तिचं नाव कसं उच्चारायचं, तेवढं कळवा."

नंबर पडला. पोच गेली.
प्रवर्ग: इतर.
आज नववा दिवस.
खिडकीबाहेर हंबरची भरती ओसरतेय, चिखल उघडा पडतोय,
आणि मी माझं नाव
त्यांच्या लिपीत फोडून पाहतेय,
शर् व री,
कुठे दम घ्यायचा,
कुठे नाही.