कोण आलंय

गुऱ्हाळामागच्या कुजक्या चिपाडांतून
दस्तगीरमामांनी डबाभर माती आणलेली.
त्यातली ही, स्वल्पविरामाएवढी,
वीस अंशांवर, काचेच्या झाकणाखाली,
जिवाणूंच्या सायीवर नागमोडी रेघा ओढणारी.

ह्यांना काय म्हणायचं तेच आधी कळेना.
किडा म्हटलं की तो, अळी म्हटलं की ती,
आणि इथं तर बहुतेक सगळी दोन्ही:
आधी तीनेकशे शुक्राणू करून ठेवतात,
मग तीच कूस अंड्यांकडं वळते.
वहीत मी लिहिलं, ते.

केळकर मॅडम पुण्याच्या.
पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मॅडम, मी जातो."
"जातो नाही गं. जाते."
आमच्याकडं आई म्हणती जातो, आत्ती म्हणती आलो,
पाच लेकरं झाली तिला.

फळ्यावर त्यांनी साखळी काढली.
एक जनुक दुसऱ्याचं तोंड दाबतं,
दुसरं तिसऱ्याचं, तिसरं चौथ्याचं,
शेवटचं बोलतं राहिलं तर अंग मादीचं,
गप्प बसवलं तर नराचं.
होय असं कुणी म्हणतच नाही त्यात.
आमची भावकीच ती, बांधाच्या बैठकीला बसलेली:
थोरला धाकट्याला अडवणार, त्याला चुलता,
आणि निकाल पहिलं तोंड उघडलं का मिटलं
तिथंच लागलेला.
पहिल्यानं फक्त मोजायचं,
एक्स एक का दोन.

मे महिन्यात एका रात्री वीज गेली.
इनक्युबेटर तापत गेला.
बाहेर विद्यापीठाचे मोर उगीचच ओरडत होते.
पुढच्या पिढीत, प्लेट एकवीस,
एकाची शेपूट पंख्यासारखी उघडलेली.
उकाड्यात कुठंतरी एक एक्स वाटेत सांडला,
मोजणीत एक कमी भरला,
पहिलं जनुक बोललं,
आणि खालचे सगळे नकार उलटे पडले.
सगळ्यांच्या अंगावरनं चाचपत हिंडत होता बिचारा.

प्लॅटिनमच्या तारेवर मी त्याला उचललं.
मॅडम भिंगावरनं हलेनात.
"मी जातो," म्हटलं. कुणी दुरुस्त केलं नाही.

शेवटची केएमटी. उत्तरेश्वर पेठ.
उंबऱ्यात चप्पल काढता काढता
तोंडातनं निघून गेलं, "आले."

आतनं भाकरीची थाप थांबली.
आई म्हणाली,
"कोण आलंय?"