दहा गुणांचा प्रश्न

सोहारच्या बंदरामागे, कॅम्पच्या धुलाईखोलीत,
रात्री अकरानंतर मशीनं थांबली की मी अभ्यासाला बसतो.
बाहेरून एम.ए., दुसरं वर्ष, पेपर तिसरा:
ग्रीक शोकांतिका.

नोट्स म्हणतात, मरण रंगमंचावर घडत नाही.
ते आत घडतं, महालाच्या दाराआड,
मग कोणीतरी धापा टाकत येतो आणि सांगतो.
त्याला नाव नसतं. पात्रांच्या यादीत तो खाली कुठेतरी.
प्रश्न: निरोप्याचे नाट्यगत स्थान स्पष्ट करा.

मी टाइमकीपर. ऑफिसात मराठी बोलणारा एकटाच,
म्हणून मंगळवारी फोन माझ्या हातात दिला.
लियाकत पेवेकर, स्कॅफोल्डर, मुक्काम भोपण, तालुका दापोली.
"थांबा हां," ती म्हणाली, "कुकर उतरवते."
मी थांबलो.
दोन शिट्ट्या ऐकल्या, तिसरी अर्धी.

नाटकातल्या निरोप्याला ऐंशी-शंभर ओळी मिळतात,
घोडे, धूळ, समुद्र, सगळं सांगायला.
मला एक वाक्य सुचलं. तेही रेंजनं मधेच तोडलं,
पुन्हा म्हणावं लागलं.

नोट्स म्हणतात, नायक थोर कुळातला हवा
आणि त्याच्या हातून प्रमाद घडायला हवा.
पहिलं सोडा.
दुसऱ्यासाठी सेफ्टीच्या अहवालात रकानाच आहे:
"मृताने हुक अडकवला नव्हता."
अडकवायला दोर कुठे होता, ते कोरसला ठाऊक आहे.
कोरस पहाटे पावणेपाचला बसच्या रांगेत असतो,
टिफिन हातात, एकमेकांच्या बुटांकडे बघत.
अडीच हजार वर्षांपूर्वीही तो सगळं बघायचा
आणि काही थांबवायचा नाही.
पण त्याला निदान बोलू तरी द्यायचे.

रडणं ऐकू आलं नाही. बराच वेळ नुसता गॅसचा आवाज.
मग तिनं विचारलं, "जेवले होते काय ते?"
"हो," मी म्हटलं. "मच्छी होती आज. भात दोनदा घेतला."

हे उत्तरपत्रिकेत लिहिणार नाही.
आमच्या नोट्सप्रमाणे निरोप्या खोटं बोलत नाही.

काल रात्री मेसची वही काढून बघितली.
मंगळवार, दुपार, अनुक्रमांक एकशे सत्तेचाळीस.
सहीची जागा कोरी.
बाहेर पाण्याचा टँकर उलटा येत होता, पीं पीं करत.
मी पेनाचं टोपण काढलं.