सत्त्याऐंशी नंबरचा हापसा

म्झुझूहून मलावीच्या आत, डोंगर उतरून
जिथं तंबाखूच्या वखारी संपतात,
तिथून पुढं दोनशे तेरा हापसे.
प्रत्येकाच्या दांड्यात काडेपेटीएवढी एक डबी:
दांडा खाली गेला की एक,
पुन्हा खाली गेला की दोन.
पाणी गोड की मचूळ, भरणारी पोटुशी की पोर,
कुणाचं कुणाशी वाजलंय,
तिला काही घेणंदेणं नाही.

तिवोंगे ते आकडे विद्यापीठात बसून वाचते.
हापसा मरतो कसा, हे तिनं यंत्राला शिकवलंय:
आधी आतलं वायसर झिजतं,
मग हिसके आखूड होतात, थांबून थांबून येतात,
मग एक दिवस दांडा नुसताच हलतो, हवा चावत,
आणि बायका पुन्हा ओढ्याची वाट धरतात.
वायसरची किंमत दोन अंडी.
ते बदलायला माणूस यायचा, तर महिना जायचा.
आता यंत्र आठ दिवस आधी सांगतं.
(हे काम चांगलं आहे. कवितेत इतकं सरळ म्हणू नये,
पण म्हणते.)

सत्त्याऐंशी नंबरचा मात्र
रोज रात्री दोन चाळीसला मरणाला टेकायचा.
आखूड हिसके. थांबा. पुन्हा आखूड.
चाळीस झाले की गप्प.
आणि पहाटे पाचला ठणठणीत.
यंत्र म्हणालं: बिघाड, शंभरात एक्याण्णव.
सुझगो मेकॅनिक मोटारसायकलवर तीन तास गेला,
हापसा उघडला. वायसर कोरं करकरीत.
दुसऱ्यांदा गेला. तिसऱ्यांदा
पेट्रोलची पावती टेबलावर आपटून म्हणाला,
तुमच्या यंत्राला भूत दिसतंय.
सर म्हणाले, गोंगाट आहे तो, काढून टाक ती ओळ.

ओळ काढायला एक बोट पुरतं.
तिवोंगेचं बोट तिथवर गेलंही.

गुरुवारी मिनीबस धरून ती तिकडं गेली,
चर्चच्या पायरीवर चितेंजे गुंडाळून बसून राहिली.
अडीचला कुत्रं भुंकलं, ओळखीचं भुंकणं.
न्याम्हांगो आली. छोटी बादली, टॉर्च नाही.
वीस वर्षं तंबाखूची पानं निवडलेला उजवा हात दांड्यावर,
डावा त्याच्या कोपराखाली,
तान्ह्याचं डोकं धरावं तसा.
हापसते. थांबते. हापसते.

दिवसा का नाही येत?
"दिवसा रांग असते. रांगेला घाई असते.
माझा एक हिसका, तेवढ्यात त्यांचे तीन.
कुणी बोलत नाही गं काही. नुसत्या बादल्या वाजवतात."
मग दांड्याकडं मान उडवून:
"ही मोजते ना? मग हिलाच विचार
चाळिसाच्या पुढं माझं काय होतं ते."

म्हणजे यंत्र चुकलं नव्हतं.
झिजणं त्यानं बरोबर ओळखलं होतं,
फक्त शोधत होतं हापशात.

सुझगोनं शिव्या घालत दांड्याला हातभर नळी जोडली,
अर्ध्या तासाचं वेल्डिंग.
तिवोंगेनं परत येऊन
उरलेल्या दोनशे बारांच्या रात्री उघडल्या.
अकरा ठिकाणी तशीच ओळ,
कुठं दीडला, कुठं तीनला.
खर्चाच्या तक्त्यात वायसरचा रकाना आहे, पेट्रोलचा आहे,
कोपराचा नाही. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू.

सोमवारी सत्त्याऐंशीची रात्र कोरी.
मंगळवारीही दोन चाळीसला शून्य.
हे शून्य बरं की वाईट, डबी सांगत नाही.
तिवोंगेचा चहा गार झाला.
बुधवारी सकाळी सात दहाला,
पोरींच्या धडाधड हिसक्यांच्या मधोमध
लांब, सावकाश
बावन्न.

तिनं ते मोजले.
मग स्क्रीन मिटून पुन्हा मोजले,
बोटांवर.