वात

वाळपईच्या टपाल कचेरीत एकतीस वर्षं
खुर्चीवर बसलेली मी.
माझ्या गुडघ्यांना वाघेरी ठाऊक होता तो पत्त्यातला:
डोंगराखाली, मुक्काम केरी, सत्तरी.

तेलाचा डबा ह्यांच्या हातातला.
चवथ झाली, माटोळी उतरली,
की दरवर्षी हे एकटेच वर जायचे
राखणदाराच्या दगडापाशी पणती लावायला.
मी म्हणायची, दगडाला काय दिसतं अंधारात?
हे हसून चपलेचा पट्टा ओढायचे.

चैत्रात ह्यांची उजवी बाजू निजली ती निजलीच.
खाट खिडकीशी सरकवली.
काल डाव्या हाताने त्यांनी डबा दाखवला,
मग डोंगर,
मग मला.
एवढं लांब वाक्य ते कितीतरी दिवसांत बोलले नव्हते.

धनगरवाड्यावरची जनी झोरे सोबत आली.
चौदा वर्षांची, अनवाणी, हातात कोयती,
पदराला बांधायला मला मिठाची पुरचुंडी दिली, जळवांसाठी.
पहिल्याच चढणीला काळीज कानात आलं.
तांबड्या दगडावर शेवाळ,
शेवाळावर पाणी,
पाण्यावर माझा सगळा जन्म तोलून धरलेला.
"पांय पळय, माथो पळोव नाका,"
जनी वरून ओरडली.

पाय पाहिले.
मग कचेरीतला हात आठवला, ठप्पा मारणारा.
गोणी कधी संपते, असं कुणी विचारायचं नसतं तिथे.
एक पाकीट, ठप.
एक पाकीट, ठप.
कुमयाच्या झाडाशी ठप, वारुळाशी ठप,
गव्याच्या ताज्या शेणाशी थोडा वेळ काहीच नाही,
मग पुन्हा ठप.

झरीपाशी जनी थांबली. पुढची वाट ह्यांची, तिला माहीत नव्हती.
"हांव हांगाच रावतां," म्हणाली आणि पाण्यात पाय सोडून बसली.

पुढे कडा.
दोनदा घसरले. कोपर सोललं. डबा मात्र उभाच.
बसले तिथेच, चिखलात, आणि खरं सांगते,
झाकण उघडलं होतं.
ओतून टाकावं तेल, म्हटलं, खाली जाऊन सांगावं, लावली.
कोण येणार आहे बघायला?
दगड?

उठायला म्हणून आधार शोधला
तर कड्यातून आलेलं मत्तीचं मूळ हाताला लागलं.
मगरीच्या पाठीसारखी साल सगळी,
फक्त एका जागी गुळगुळीत, देव्हाऱ्याच्या उंबऱ्यासारखी.
चार बोटं आणि अंगठा.
उजव्या हाताची.

सव्वीस वर्षं इथे एकच माणूस धरत आला होता.
जो हात आता चमचा धरत नाही
त्याने मला वर ओढलं.

वर काही नव्हतं.
ढग होता.
धरण नाही, गाव नाही, आमचं छप्पर नाही,
हात लांब केला तर बोटंही अर्धीच.
इथून लावलेली ज्योत त्या खिडकीत पोचणार नाही
हे तिथल्या झुरळालासुद्धा कळलं असतं.

तरी लावली.
सात काड्या विझल्या, आठवी धरली.
वात जरा जास्तच ओढली, वारा होता.
दगडाशी काही बोलले नाही, ओळख नव्हती आमची.
पण जाताना पदराने त्याच्यावरचं पाणी पुसलं,
का ते विचारू नका.

उतरताना गुडघे दुसऱ्याच कुणाचे तरी होते.
झरीपाशी जनी, तिच्या बापाची बॅटरी, आणि दूध काढायची वेळ टळलेली.
घरी पोचले तेव्हा रात्रीचे साडेनऊ.

हे जागे. अर्ध्या ओठातून एकेक शब्द सोडवत म्हणाले,
"वात... मोठी... ठेवलीस."

खिडकीच्या गजांना धुकं टेकलं होतं.
अंगणातली तुळससुद्धा दिसत नव्हती.

मी म्हटलं, वारा होता ना.
मग डब्यात उरलेलं तेल तळव्यावर घेतलं
आणि त्यांचा उजवा हात चोळत बसले.
माझ्या नखांत अजून मत्तीची साल होती.