कोबा

लालजीभाई म्हणाले, थिनर आणि इस्त्री
एकाच दिवशी काढू नका, घर पेटेल.
म्हणून शनिवारी इस्त्री, रविवारी थिनर.
चार इंची पत्ती, तिची सहा पाती,
रद्दीतले पेपर, रेवाचा जुना मास्क.
मंगळवारी टाईल्सवाला येणार,
त्याला जमीन कोरडी हवी, नागडी हवी.

लिनोलियम केव्हाच गेलं होतं
कोपऱ्यांतून वळत, पापडासारखं तडकत.
खाली राहिलं सोल्युशन,
काळपट पिवळं, ढेपेखालच्या गोणपाटासारखं,
अनवाणी पाऊल पडलं की
चक् करून टाच धरणारं.

पेपर अंथरायचा, इस्त्री टेकवायची,
वीस मोजायचे,
मऊ झालं की पत्ती आडवी घालून ढकलायची.
उभी धरली तर कोबा ओरबाडतो.
हे मला दाराजवळची वीतभर जागा
खराब केल्यावर कळलं.

वास मात्र तोच.
ह्याच वासात आम्ही पाढे म्हटले,
पोटमाळ्यावर वह्या, खाली दादांचे लाकडी साचे,
ओठांत चुका धरलेल्या, म्हणून बोलणं कमी.
ठक्करबाप्पा कॉलनीत सगळ्याच घरांना असा वास,
त्यामुळे कुणालाच तो यायचा नाही.
दादांनी कारखान्यातून डबा आणला
आणि एका रात्रीत जमीन झाकून टाकली.
आई विचारणाऱ्यांना सांगायची,
गार लागते हो पायाला.

फुटक्या कंगव्याने पसरलंय.
वळणाशेजारी वळण, हात पोचेल तिथवर,
मग गुडघ्यांवर मागे सरकून पुढचं.
दादांचा हात एवढा लांब होता तर.
खोलीच्या मध्यावर वळणं दिसतच नाहीत,
तिथे थरावर थर.
इतकं कशाला ओतलंत, दादा?
एरवी थेंब सांडला तरी
बोटाने निपटून तळव्याला लावणारा माणूस.

रविवारी तिथेच दोन पाती मोडली.
थिनर ओतला, चिंधी दाबली, जेवून आलो.
पुसलं, तर रेघ.
छिन्नीने मारलेली, सूत धरून,
समोरच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत,
उंबरासुद्धा बरोबर अर्धा करून.
हाताहातावर एकेक भोक, फळ्यांच्या खुंट्यांचं.

बारकूकाका मला आठवतो
एका पितळी तांब्यापुरता.
आणि झोपताना फळीपलीकडून
कुणीतरी खोकायचं, ते आठवतं.
मी इतकी वर्षं धरून चाललो होतो,
शेजारचे असतील.

सुलभा दारातूनच म्हणाली,
सिमेंट भरून टाक, त्यात काय.
रेवा उकिडवी बसली, रेघेतून बोट फिरवलं,
पाणी मोरीकडे जायला केलं होतं का हे?
मी म्हटलं, हो.
आईच्याच आवाजात म्हटलं.

संध्याकाळी शेवटचं पातं लावून
पलीकडची बाजू काढायला घेतली.
ह्या बाजूला सोल्युशन पातळ, भराभर सुटत होतं,
वळणं स्वच्छ दिसत होती, कंगव्याचे दातसुद्धा,
एक दात मोडलेला, तोच कंगवा.
फक्त वळणं उलटी.
मी उठून दिवा लावला, पुन्हा पाहिलं.
उजव्या हाताने अशी येत नाहीत,
मी रिकाम्या हाताने करूनही पाहिली.

दादा उजव्या हाताने जेवायचे,
उजव्याच हाताने हातोडी धरायचे.
आईसुद्धा.
आमच्यात डावखुरं कोण होतं, हे विचारायला
आता फोन करावा असा एकही नंबर नाही.

एवढा तुकडा राहिलाय, परातीएवढा.
पातं अजून धारेचं आहे.