किमान एकोणीस

जानेवारीची सात तारीख.
पेपरात लिहिलंय, नवी मुंबई किमान एकोणीस.
एकोणीस म्हणजे काय, तर
पंखा बंद केला की घुसमटतं
आणि लावला की पाय पोटाशी घ्यावे लागतात.

निफाडचा भाऊ दर वर्षी हसतो.
'अक्का, ही थंडी? ही थंडीची झेरॉक्स.
आमच्याकडे पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो,
नाहीतर द्राक्षाचे मणी तडकतात.'
आणि नुसत्या बनियनवर गॅलरीत उभा राहून
खालून जाणाऱ्या कानटोप्या मोजतो.
एकदा तर स्वेटर घातलेला कुत्रा दिसला,
तेव्हा त्याने सगळ्या घराला हाका मारल्या.

आठ दिवस होते. सहा माणसं, दोन खोल्या,
गीझरचा लाल दिवा विझतच नव्हता.
तीन तारखेला निघाले.
शिळफाट्याला अडकलोय, असा एक फोन.
भिवंडीच्या पुढे चहा घेतला, असा दुसरा.
मग रात्री: 'पोचलो. इथे आठ आहे.'
मी घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते.
मग कळलं.

त्यानंतर फोन नाही.
का यावा? पोचले ना.

सकाळी बाहेर जे दिसतं ते धुकं नव्हे.
तुर्भ्याकडून येतं काहीतरी, घशाला लागतं,
सूर्य न घासलेल्या पितळी झाकणासारखा
पामबीचच्या टॉवरांमागे अडकून राहतो.
करावे गावातली चांगुणा जवळा घेऊन येते
आणि विचारते, पावणे गेले काय?
हो म्हणते. ती माप जरा कमी भरते, न सांगता.

चंदूने टहाळ्याची मोठी जुडी आणली होती,
निम्मी राहिली. पिवळी पडायला लागली.
दुपारभर बसून घाटे सोलते.
काही चांगले फुगीर असतात, दाबले तर
फट्ट.
आत हवा.

कुणी विचारलं, काय होतंय,
तर सांगण्यासारखं काही नाही.
रिपोर्ट बरे आहेत. पेन्शन जमा झालंय.
कुणी भांडून गेलं नाही, कुणी मेलं नाही.
वाशीच्या एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली मी,
कानाला हेडफोन लावून,
त्यात एक आवाज असायचा.
लाइन चालू आहे, तक्रार कसलीच नाही,
आणि पलीकडे कुणी नाही.
त्या आवाजाची नोंद करायला
रजिस्टरात रकाना नव्हता.

काल चाकोंनी त्यांचा तारा उतरवला.
पहिला मजला, स्टूलवर स्टूल, बायको खालून ओरडतेय.
मग वर बघून मला म्हणाले,
'मॅडम, तुमचा कंदील पण काढू का?
दिवालीपासून आहे.'
मी म्हटलं, असू द्या, मी काढीन.
पण ते वर आलेच, स्टूल घेऊन, धापा टाकत.
एका अंगाने कंदील भगवा होता,
उन्हाच्या अंगाने साबणाच्या वडीसारखा.
आत एक पाकोळी, वाळलेली,
आणि धूळ, इतकी मऊ की चाको म्हणाले, 'पावडर!'
मी चहा करते म्हटलं.
चहा ठेवला, आणि सवयीने
सात कप पाणी घातलं.
चाकोंनी तीन कप घेतले.
काही बोलले नाहीत. चांगला माणूस.

गॅलरीत आता नुसती वायर लोंबते.

रात्री पंखा तीनवर होता.
चंदूने ठेवलेला.
चार रात्री तो तसाच ठेवून मी झोपते आहे,
गोधडी, वर चादर, डोक्याला रुमाल बांधून,
एखाद्या पाहुण्यासारखी, ज्याला
यजमानाला सांगायचा संकोच वाटतो.

आज मध्येच उठले, एकवर आणला.
बंद नाही केला.
एकवर तो इतका हळू फिरतो
की रस्त्यावरच्या दिव्यात पाती मोजता येतात.
तीन आहेत.
परत मोजली.